बदलीचा माणूस आल्याशिवाय

प्रिय भावोजी यांस,

वहिनीचा नमस्कार. खरं तर मी मोठी, मी आशीर्वाद द्यायला हवा. पण सध्या माझं तोंड इतकं कडू झालंय की आशीर्वाद दिला तर लागायचा नाही, आणि दुसरं काही दिलं तर ते मात्र लगेच लागेल. तेव्हा नमस्कारावर भागवून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? अजून जिने चढताना कुरकुरतो का? (फोनपर्यंत चालवत नसणार, म्हणूनच माझे फोन उचलत नाही, असं मी मनाचं समाधान करून घेतलंय.) जाऊबाईंच्या पित्ताचं काय? त्यांना म्हणावं, उपाशीपोटी चहा घेऊ नका आणि नवऱ्याचं सगळं खरं मानू नका, निम्मं पित्त तिथेच जाईल. तुमची एजन्सी जोरात चालली आहे असं ऐकते. ऐकून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी रागाने फुटायची तेवढी बाकी आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माणूस सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुमचे दादा गेले त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. तुम्ही आमच्या ऑफिसात आलात, दादांच्याच खुर्चीत बसलात, चहा घेतलात, डोळे पुसलेत आणि म्हणालात, की वहिनी, गार्ड पुरवायचा धंदा म्हणजे बायकांचं काम नव्हे, एजन्सी बंद करा, माणसं माझ्याकडे द्या, त्यांची पोटं मी सांभाळतो. तेव्हा मला रडू येत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. (रडू ओसरल्यावर जे सुचलं ते तुम्ही गेल्यानंतर सुचलं. माझं नेहमी असंच होतं, म्हणून तर हे पत्र लिहिते आहे.) अहो, ही एजन्सी तुम्हा दोघा भावांनी मिळून काढली. मग तुमचं बिनसलं आणि तुम्ही वेगळे झालात. दादांनी नाव ठेवून घेतलं, तुम्ही बिल्ल्यावरचं चित्र नेलंत. तो गरुड दादांनी स्वतःच्या हाताने काढला होता, आणि तो गरुड कमी, खुडूक कोंबडी जास्त दिसायचा, हे मी तेव्हाही म्हणत होते. गेली ती कोंबडी तर बरंच झालं, असं आम्ही म्हटलं आणि आमच्या बिल्ल्यावर साधं कुलूप छापलं. दादांनी तुमच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. एक वाक्य ते गार्डांना नेहमी सांगायचे, पण त्याचं नंतर बघू.

मी एजन्सी बंद केली नाही. का करू? आमची निम्म्याहून जास्त माणसं त्या मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकांवर आणि वॉर्डांबाहेर उभी असतात. त्यातले काहीजण दादांबरोबर म्हातारे झालेत. त्यांना दुसरं कोण कामावर घेणार? पण हॉस्पिटलच्या मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, की मॅडम, लायसन्स दादांच्या नावाचं होतं. महिनाअखेर तुमच्या नावाचं आणून दाखवा, नाहीतर दुसरी एक एजन्सी तयारच आहे. दादा गेल्याच्या आठवड्यातच त्या एजन्सीचं पत्र आलंय. कोणती एजन्सी ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, पण कोणता वासा आधी फिरला हे बघत बसायला मला वेळ नव्हता.

आता लायसन्स म्हणजे काय चीज असते ते मला काय माहीत? इतकी वर्षं ते दादांच्या टेबलामागे काचेच्या चौकटीत लटकलं होतं आणि मी दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसत होते. मला वाटायचं, घर जसं मागच्यांना मिळतं तसंच हेही मिळत असेल. कसचं काय! लायसन्स माणसाबरोबर जातं म्हणे. मागे राहिलेल्याने पुन्हा पहिल्यापासून मागायचं. अर्जात एक रकाना होता, सुरक्षेच्या क्षेत्रातला अनुभव. मी लिहिलं, लग्न झाल्यापासून घराच्या किल्ल्या, दादांचा रक्तदाब आणि तुम्हा दोघा भावांची भांडणं सांभाळली. खिडकीतल्या कारकुनाने ते लाल शाईने खोडलं आणि विचारलं, पोलिसात होतात का? लष्करात? नाही ना? मग ट्रेनिंग घ्या. मी म्हटलं, गार्ड घेतील की. तर म्हणे गार्डांनी घ्यायचंच, मालकानेही घ्यायचं. दुसऱ्याच्या दाराचं रक्षण करायला माणूस पाठवायचा तर पाठवणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. (ऐकायला बरं वाटतं, नाही का? मलाही वाटलं. पुढे त्यांचंच दार बघितलं तेव्हा काय वाटलं ते सांगते.)

तर भावोजी, या वयात तुमची वहिनी पँट घालून, कमरेला पट्टा बांधून, एका बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात परेड करत होती. शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. आवाज असा की भिंतीवरचं प्लास्टर सुटावं. पहिल्याच दिवशी ते माझ्यावर ओरडले, "पोट आत!" तुमच्या दादांची सगळ्या संसारात जे म्हणायची छाती झाली नाही, ते या माणसाने पोरासोरांसमोर म्हटलं. मी पोट आत घेतलं, पण मनात धरून ठेवलं. आग विझवायच्या धड्याला त्यांनी माझ्या हातात लाल सिलिंडर दिला आणि म्हणाले पिन काढा, नळी धरा, दांडा दाबा. मी पिन काढली, दांडा दाबला, नळी धरायची राहिली. उस्ताद डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे झाले. (मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. पण वाईट वाटलं असंही म्हणवत नाही.) गर्दी आवरायच्या धड्यात मी नापास झाले, कारण तिथे आवाज न चढवता बोलायचं असतं. ओळखपत्र तपासायच्या धड्यात मात्र मी सगळ्यांच्या पुढे गेले. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखायला मला कागद लागत नाही, सासरी इतकी वर्षं काढली आहेत. शेवटी सर्टिफिकेट मिळालं. त्यावरच्या फोटोत मी फरार असल्यासारखी दिसते.

बरं, एवढ्याने भागतं का? एकेका गार्डाची पोलिसांकडून चौकशी. आमच्यातला एक बिचारा जन्मात कुणाशी उंच आवाजात बोलला नाही. त्याच्या गल्लीत हवालदार जाऊन घरोघर विचारून आला, की हा माणूस कसा आहे. तेव्हापासून शेजारी त्याला बघून खिडक्या लावून घेतात आणि बायको विचारते, खरं सांगा, काय केलंत? नंतर युनिफॉर्म. आमचा खाकी होता. तो म्हणे पोलिसांसारखा दिसतो, चालणार नाही. नवे शिवायला पैसे नाहीत, म्हणून मी निळा रंग आणला आणि मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात सगळे रंगवले. खाकीवर निळा बसला तर काय होतं माहीत आहे? मलाही माहीत नव्हतं. मोरपिशी होतं. हॉस्पिटलच्या दारातले पेशंट आता आमच्या माणसांना विचारतात, की बँड कुणाच्या लग्नाचा? मॅनेजरने बघितलं आणि तोंड फिरवून हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण हसला म्हणजे निदान रागावला तरी नाही, असं म्हणून गिळला.

मग शरीराची मापं. उंची, छाती, नजर, कान. इथे आमच्या खांबाचं सांगायला हवं. खांब तुम्हाला आठवतोय ना? आमच्या ऑफिसच्या फाटकावर उभा असतो तो, उंच, वाळका, मिशा पांढऱ्या झालेला. तुम्ही दोघांनी मिळून ठेवलेला पहिला गार्ड. सांगितलेलं करतो, न सांगितलेलं करत नाही, आणि सांगितलेलं करायचं कधी थांबवायचं तेही सांगावं लागतं. छातीचं माप घेणाऱ्या डॉक्टरने त्याला सांगितलं, श्वास आत घ्या आणि धरून ठेवा. तेवढ्यात डॉक्टरला फोन आला, तो बाहेर गेला आणि बोलत बसला. परत येऊन बघतो तर खांब आमच्या युनिफॉर्मच्या रंगाचा झालेला! सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं ना! डॉक्टर घाबरून ओरडला, सोडा, सोडा! तेव्हा सोडला. असा हा माणूस. दादांनी त्याला दोनच नियम घालून दिले होते. एक, ओळखपत्र बघितल्याशिवाय, वहीत नाव लिहून घेतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. आणि दोन, बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. या दोन नियमांनी माझा काय घात केला, ते आता वाचा. वाचताना हसू नका. हसलात तर मला इथे कळेल.

सगळे कागद गेले, आणि ऑफिसची तपासणी करायला खुद्द लायसन्सचे साहेब येणार असा निरोप आला. त्या दिवशी मी फरशी दोनदा पुसली, दादांच्या फोटोच्या बाजूला नव्या लायसन्ससाठी खिळा ठोकून ठेवला, चहाचं आधण टाकलं आणि बसले. साहेब येईनात. आधण आटलं, दुसरं टाकलं. तरी येईनात. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या कचेरीत फोन लावला आणि तिथल्या कारकुनाला म्हटलं, तुमच्या साहेबांना वेळेची काही किंमत आहे की नाही? आम्ही काय रिकामटेकडे आहोत का? सरकारी माणसं अशी आणि तशी. बराच वेळ बोलले. मन अगदी हलकं झालं.

आणि साहेब कुठे होते? आमच्या फाटकाबाहेर, उन्हात, खांबासमोर! ओळखपत्र दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिलेलं. खांब म्हणतो, "ओळखपत्र." साहेब म्हणतात, "अरे, तुमच्या एजन्सीला लायसन्स देणारा मी!" खांब म्हणतो, "असाल. ओळखपत्र." साहेबांनी बॅग दाखवली, कचेरीचा शिक्का दाखवला, आवाज चढवला. खांबाने त्यांना दादांचं वाक्य ऐकवलं, जे दादा प्रत्येक नव्या गार्डाला पहिल्या दिवशी ऐकवायचे: माझा सख्खा भाऊ आला तरी ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडायचं नाही. (बोलायची पद्धत असते हो, मनावर घेऊ नका.) साहेबांनी मला फोन लावला, तर तो एंगेज. असणारच! मी त्यांच्याच कचेरीत त्यांनाच शिव्या घालत होते ना! शेवटी घामाने डबडबलेले साहेब निघून गेले आणि शेरा मारला, की कार्यालय तपासणीसाठी उपलब्ध झाले नाही, अर्जदाराचा गार्ड उद्धट आहे.

हे मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मी फाटकावर गेले आणि खांबाला इतकं बोलले, इतकं बोलले, की समोरचा चावीवाला दुकान सोडून ऐकायला आला. मी म्हटलं, तू नोकरीवर नाहीस, चालता हो. तो म्हणाला, बरं. आणि तिथेच उभा! मी म्हटलं, जा म्हटलं ना? तर शांतपणे म्हणतो, बदलीचा माणूस येऊ द्या, मग जातो. आता बदलीचा माणूस कुठून आणू? सगळे आपापल्या ड्यूटीवर. संध्याकाळी त्याची रोजची बदली आली तेव्हा घरी गेला आणि सकाळी पुन्हा हजर. मी विचारलं, काढून टाकलंय ना तुला? तर म्हणतो, हो, पण रात्रीच्या गार्डाची ड्यूटी संपली, त्याला बदली नको का? या माणसाला कामावरून काढायची सोयच नाही, भावोजी! मी रागाने आत आले आणि दादांच्या फोटोकडे बघून म्हटलं, तुम्ही सुटलात. मग मात्र खूप रडले. ते गेल्यापासून त्यांच्या कामात मी त्यांना एकदाही मागे वळून विचारू शकत नाही, याचा मला फार राग येतो. आणि तो राग काढायला हक्काचा दीर फोन उचलत नाही.

डोळे पुसले आणि थेट लायसन्सच्या कचेरीत गेले. ठरवलं होतं, फाटकावर अडवतील, तिथेच तमाशा करायचा. पण अडवतो कोण? तिथला गार्ड खुर्चीत हनुवटी छातीला लावून घोरत होता. खुर्ची मागच्या दोन पायांवर भिंतीला टेकवलेली, बूट काढून शेजारी, वही मांडीवर उघडी आणि त्यातलं पान कोरं. मी पुढ्यात उभी राहून खाकरले. त्याने डोळे न उघडता हाताने आत जा अशी खूण केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! सगळ्या एजन्सींना रक्षण कसं करावं हे शिकवणारी कचेरी आणि तिच्या दारात हा कुंभकर्ण. मी जाताना त्याच्या बाहीवरचा बिल्ला तेवढा नीट बघून घेतला. मग आत गेले, जिना चढले, फायलींच्या खोलीतून चालत गेले, कपाटं उघडीच होती, आणि साहेबांच्या खोलीत पोचले. साहेब चहाला गेलेले. पाय दुखत होते, म्हणून मी त्यांच्याच खुर्चीत बसले. (उंच खुर्ची, मऊ गादी. तिथून सगळ्यांच्या चुका स्पष्ट दिसत असणार.)

साहेब आले आणि दारातच थबकले. तुम्ही इथे कशा? मी म्हटलं, चालत. कुणी सोडलं? मी म्हटलं, कुणी अडवलंच नाही. ओळखपत्र मी घेऊन आले होते, बघायला माणूस जागा नव्हता. मग मात्र मी खुर्चीतून उठले नाही आणि थांबलेही नाही. म्हटलं, साहेब, माझ्या गार्डाने तुम्हाला उन्हात उभं केलं, चुकलं त्याचं. त्याने तुम्हाला ओळखायला हवं होतं, कारण तुमच्या कपाळावर लिहिलेलं आहे ना! उद्या कुणीही बॅग घेऊन येईल आणि म्हणेल मी साहेब, त्यालाही सोडायचं का? ट्रेनिंगमध्ये मला काय शिकवलंत? मग माझ्या गार्डाला उद्धट म्हणता आणि स्वतःच्या दारात घोरणारा ठेवता? तुमच्या टेबलावरच्या फायली मी घरी नेल्या असत्या तर कुठल्या वहीत सापडले असते? गर्दी आवरायच्या धड्यात मी नापास का झाले ते त्या दिवशी सगळ्या मजल्याला कळलं.

साहेब आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग, खरं सांगते, समोरच्या बाकावर बसले आणि चष्मा पुसत बसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, घरी जाऊन बायकोला तुमच्या गार्डाची तक्रार सांगितली, तर ती म्हणाली, असा एक आपल्या दाराला ठेवा. त्यांनी शेरा खोडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी ओळखपत्र गळ्यात घालून. खांबाने ते हातात घेतलं, फोटो बघितला, साहेबांचं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला, वहीत नाव लिहिलं आणि कडक सलाम ठोकला. साहेबांनी सगळं तपासलं, युनिफॉर्मचा रंग बघून जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, पण पास केलं. मी खांबाला पुन्हा कामावर घेतलं. (तो म्हणाला, बरं.) चहा झाला. आता सगळे कागद पुरे, साहेब म्हणाले, एक बारीकशी गोष्ट तेवढी राहिली. ती काही विशेष नाही, जाता जाता लिहीन.

तर असं सगळं आहे. तुमची आठवण येते. महिना संपत आलाय आणि भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. रोज सकाळी हॉस्पिटलवर जाणारी माणसं त्या खिळ्याकडे बघतात आणि मला काही विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान ओरडता आलं असतं. गुडघ्याला शेक द्या. जाऊबाईंना नमस्कार. एवढं लिहूनही काही कळलं नसेल तर खाली वाचा.

तुमची,
वहिनी

ता. क. ती बारीकशी गोष्ट. जुन्या लायसन्सवर दादांच्या नावाखाली भागीदार म्हणून तुमचं नाव अजून आहे. तुम्ही वेगळे झालात तरी दादांनी ते काढलंच नाही. मी कितीदा म्हटलं, तर म्हणायचे, राहू दे, भाऊ आहे. आता हयात भागीदाराची काही हरकत नाही अशी सही असल्याशिवाय मला लायसन्स मिळत नाही. कागद सोबत जोडला आहे. त्यावर पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही करायची. आजच.

ता. क. दुसरा. लायसन्सच्या कचेरीच्या दारात घोरणाऱ्या त्या गार्डाच्या बाहीवर पक्षी होता. लांबून गरुड वाटावा असा, जवळून बघितलं तर खुडूक कोंबडी. भावोजी, ती कोंबडी मी जगात कुठेही ओळखीन, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून काढली आहे ती दादांनी. कचेरीच्या भिंतीवर लायसन्स असलेल्या एजन्सींचा फलक आहे, तो परत येताना मी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. तुमचं नाव नाही. म्हणजे वेगळे झाल्यापासून आजवर लायसन्स न काढताच तुम्ही लायसन्सच्या कचेरीचं रक्षण करत होता! कुंपणच शेत खातं ते ऐकलं होतं, पण कुंपणाचीच नोंद नाही हे पहिल्यांदा बघितलं. आणि मला सांगत होता, बायकांचं काम नव्हे! साहेबांना मी अजून काही बोललेले नाही. तो चष्मा ते सारखा पुसतात, पण त्यातून त्यांना दारातलं दिसत नाही. दिसायला फार वेळ मात्र लागत नाही. तुम्ही घाबरू नका. सही करा, मग उस्तादांकडे जाऊन ट्रेनिंग घ्या, पोट आत घ्यायला लावतात, गुडघ्यालाही बरं. तुमचं लायसन्स होईपर्यंत तुमची माणसं माझ्याकडे द्या, त्यांची पोटं मी सांभाळते.

ता. क. शेवटचा. हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. खांबाबरोबर पाठवलंय. तुमचं ओळखपत्र बघून, नाव लिहून घेऊन मगच त्याने ते तुमच्या हातात दिलं असेल, आणि तुम्हाला त्याचा राग आला असेल. मलाही आधी वाटायचं, की माझा सख्खा भाऊ आला तरी, ही दादांची बोलायची पद्धत आहे. आता नाही वाटत. आता असं करा, हळूच पडदा सरकवून बाहेर बघा. तो तुमच्या दारात उभा आहे. आत बोलावू नका, यायचा नाही. जा म्हणू नका, बरं म्हणेल. मी त्याला सांगितलंय, सही केलेला कागद हातात आला की बदलीचा माणूस आला असं समज. तोवर ती जागा तुझी. जाऊबाईंना म्हणावं, त्याला पाणी तेवढं नेऊन द्या, आणि पिऊन झालं की ग्लास खाली ठेव असंही सांगा.